अ‍ॅलर्जीची गोळी अ‍ॅसिडिटीवर का चालत नाही?
हिस्टामिन हे शरीरातलं रसायन अ‍ॅलर्जीत खाज-सूज आणतं आणि जठरात आम्लही स्रवायला लावतं. मग त्याला अडवणारी अ‍ॅलर्जीची गोळी आम्लपित्तही का थांबवत नाही, हा प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचं उत्तर मेपिरॅमिन या अ‍ॅलर्जीवरच्या जुन्या औषधाने दिलं. डॅनियल बोव्हे यांच्या गटाने १९४४ मध्ये ते मांडलं. गिनीपिगच्या आतड्याच्या तुकड्यावर हिस्टामिन टाकलं की तो आकसतो. आधी मेपिरॅमिन दिलं, तर तेवढ्याच मात्रेला तो ढिम्म हलत नाही. जठरातलं आम्ल मात्र स्रवतच राहतं! म्हणून अ‍ॅश आणि शिल्ड यांनी १९६६ मध्ये मेपिरॅमिनने बंद होणाऱ्या रिसेप्टरांना (हिस्टामिन जिथे चिकटून काम करतं त्या पेशींवरच्या जागांना) एच-१ म्हटलं. १९७२ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या गटाने जठरात आम्ल स्रवायला लावणारे एच-२ रिसेप्टर वेगळे दाखवले. अ‍ॅसिडिटीवरचं फॅमोटिडिन त्याच वाटेवरचं, ते एच-२ अडवतं.

‘ही औषधं हिस्टामिन नष्ट करतात’ असं कुणाला वाटेल, पण ते बरोबर नाही. हिस्टामिन असतंच, औषध रिसेप्टरला निष्क्रिय रूपात धरून ठेवतं. अ‍ॅलर्जीच्या त्वचाचाचणीत हे डोळ्यांनी दिसतं: सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी चालू असेल तर मुद्दाम टोचलेल्या हिस्टामिननेही नीट गांधी उठत नाही आणि चाचणी वाया जाते. त्यामुळे काही दिवस आधी गोळी थांबवायला सांगतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच थांबवा.