मदत हवी आहे: गुलबक्षीचं प्रात्यक्षिक, ठिपक्यांच्या फुलांचं काय करू?

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांना अपूर्ण प्रभुत्व (दोन गुणांपैकी एकही पूर्ण वरचढ न होता मधलाच गुण दिसणं) शिकवतेय. पुस्तकात गुलबक्षीचंच उदाहरण आहे: लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून सगळी गुलाबी, पुढच्या पिढीत लाल, गुलाबी, पांढरी १:२:१. तीन रंग वेगळे दिसतात, त्यामुळे जनुकप्रकाराचं (आत कुठली जनुकं आहेत) नि दृश्यरूपाचं (बाहेर काय दिसतं) गुणोत्तर एकच. फळ्यावर सगळं छान जमतं हो!

अडचण अंगणात आहे. आमच्याकडची गुलबक्षी राणी रंगाची, पिवळी, नाहीतर पिवळ्यावर राणी रंगाचे शिंतोडे उडालेली. एकाच फांदीवर एक फूल अर्धं-अर्धं, शेजारचं निव्वळ पिवळं. मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, हे सहप्रभुत्व!" म्हणजे दोन्ही गुण एकाच वेळी पूर्ण दिसणं. मी नाही म्हटलं. एबी रक्तगटात प्रत्येक तांबड्या पेशीवर ए आणि बी दोन्ही प्रतिजनं (रक्तगट ठरवणाऱ्या खुणा) असतात. इथे रंग पाकळीच्या पट्ट्यापट्ट्याने बदलतो. उड्या मारणारी जनुकं (डीएनएमधले जागा बदलणारे तुकडे) एवढं सांगून वेळ मारून नेली, पण त्यांना ते पटलेलं दिसत नाही.

तर विचारायचं असं, की शिंतोड्यांच्या झाडाचं बी कुणी वेगळं लावून पाहिलंय का? रोपं कशी निघाली? आणि शुद्ध पांढरी गुलबक्षी कुणाकडे असेल तर थोडं बी मिळेल का? एका फुलाला ते मिऱ्यासारखं एकच बी धरतं, त्यामुळे संकर बराच करावा लागणार. फूल संध्याकाळी उमलतं. पुंकेसर दुपारीच काढायचे ना? कळी नाजूक असते, चिमट्याने स्त्रीकेसरही तुटतो. काही युक्ती असेल तर सांगा.