किनाऱ्याला होडी लागली तर फोन कोणाला करायचा?

सावित्रीकाठ:
माझा जन्म रायगडातल्या एका पुनर्वसित वाडीतला. आजोबांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरणात पाणी साठलं साठच्या दशकात, आणि राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. आमची माणसं घाट उतरली तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहील असा कायदाच नव्हता. वाडीत एक गुरुजी होते. ते तालुक्याला जायचे, मामलेदारासमोर उभे राहायचे, कोणाचा अर्ज कुठे अडलाय ते विचारून यायचे. गुरुजी होते तोवर वाडीची कामं होत गेली. ते वारले आणि पुढे कित्येक वर्षं एक कागद हलला नाही. आजोबांच्या दाखल्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. झेरॉक्सची झेरॉक्स. शिक्क्याच्या जागी नुसता काळा गोल उरलाय, कुठल्या कचेरीचा तेही वाचता येत नाही.

हे सांगायचं कारण, गेली आठ वर्षं मी दिल्लीत गुरुजींचंच काम करते आहे. माणसं तेवढी वेगळी. अफगाणिस्तानातून, म्यानमारमधून जीव घेऊन पळालेली. त्यांच्या वतीने सरकारदरबारी बोलणं, पत्रं देणं, पाठपुरावा करणं हे माझं काम.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि लंकेतले तमिळ यांचं सरकार स्वतः बघतं. बाकीच्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीत करते आणि त्यांना कार्ड देते. हे कार्ड पोलीस ठाण्यात चालतं का? ड्युटीवरच्या माणसाला ठाऊक असेल तर चालतं. नसेल तर रात्री अकरा वाजता माझा फोन वाजतो. मग ठाण्यात जाऊन गृहमंत्रालयाची २०११ सालची कार्यपद्धती दाखवायची. परदेशी माणूस स्वतःला निर्वासित म्हणवत असेल तर त्याचं म्हणणं तपासायचं, छळाची भीती खरी वाटली तर राज्याने दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केंद्राकडे शिफारस करायची, असं त्यात आहे. ठाण्यापर्यंत ती पोचलेलीच नसते.

मागच्या पावसाळ्यात एका बाईला सोडवायला गेले होते. कार्ड तिने ओढणीच्या टोकाला गाठीत बांधलं होतं, घामाने त्याच्या कडा सुटल्या होत्या. ठाणे अंमलदार मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही याआधी येऊन गेलायत म्हणून ओळखलं. नाहीतर..." पुढे तो बोलला नाही. त्या 'नाहीतर'मध्ये काय काय आहे ते मला माहीत आहे.

माझं मत सरळ सांगते. हे मधल्या माणसाचं काम हवंच. बंद खोलीत, आवाज न चढवता बोलून जेवढी माणसं परत पाठवली जाण्यापासून वाचतात तेवढी मोर्च्याने वाचत नाहीत. पण त्याला कायद्याचा आधार हवा. आज सगळं ओळखीवर चाललंय, आणि साहेबांची बदली झाली की ओळख शून्यापासून.

कोकणातल्या मंडळींना विचारते, कारण किनारा आपला आहे. उद्या हर्णैला किंवा देवगडला परदेशी बायामुलांनी भरलेली होडी लागली, तर प्रांतसाहेबांनी फोन कोणाला करायचा?

श्रीवर्धनकर_काका:
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मत पटत नाही. मी शेखाडीच्या शेजारचा. १९९३ साली तिथे आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. तेव्हापासून आमच्या तालुक्याचं नाव सांगितलं की समोरचा दोन क्षण थांबतो. २००८ला मारेकरी आले तेही समुद्रातूनच. किनाऱ्यावर राहणाऱ्याला आधी हे आठवतं, त्याला इलाज नाही.

कायदा केलात की येणारा प्रत्येकजण कोर्टात उभा राहणार, आणि निकाल लागेपर्यंत इथेच राहणार. कायदा नाही म्हणून सरकारला माणूस बघून ठरवता येतं. आणि आपण वाईट ठरवलेलं नाही. १९५९पासून तिबेटी आले, त्यांना जमिनी दिल्या, वसाहती वसवल्या. आपल्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे त्यांची एक वसाहत आहे. १९७१ला पूर्व बंगालातून एक कोटीच्या आसपास माणसं आली, तेव्हा कुठल्या करारावर आपली सही होती? पोसली ना? करारावर सह्या केलेले श्रीमंत देश आज होड्या मागे ढकलतात. सरकारशी बोलायला माणूस जरूर असावा. कायदा नको.

काळा_कोट_पनवेल:
काका, शेखाडीला माल उतरला कारण कस्टम आणि पोलिसांतल्या काहींनी पैसे खाऊन डोळेझाक केली. त्यांना शिक्षाही झाल्या. त्याचं ओझं जीव वाचवायला पळालेल्या बाईच्या डोक्यावर कशाला? आणि निर्वासित कायदा म्हणजे दार सताड उघडणं नव्हे. कोण खरा, कोण खोटा हे किती दिवसांत, कोणी आणि कसं तपासायचं ते लिहून ठेवणं, एवढंच. तुम्हाला सुरक्षितता हवी असेल तर ही तपासणी तुम्हालाच जास्त हवी.

आजची कायद्याची स्थिती सांगतो. १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू झाला आणि १९४६चा जुना कायदा गेला. नव्यातही निर्वासित म्हणजे कोण याची व्याख्या नाही. लंकेतले जे तमिळ ९ जानेवारी २०१५पर्यंत येऊन नोंद झालेत त्यांना सूट आहे, पण ती सरकारी आदेशाने. आदेश एका सहीने निघतो आणि एका सहीने मागे घेता येतो. कोर्टाचा आधार आहे, नाही असं नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांना अरुणाचलातून हुसकावलं जात होतं तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सुप्रीम कोर्टात गेला, आणि १९९६ साली कोर्टाने सांगितलं की कलम २१ मधला जगण्याचा हक्क नागरिकालाच नाही, इथे असलेल्या प्रत्येक माणसाला आहे. पण रात्री अकराला ठाण्यात सुप्रीम कोर्ट नसतं.

१९७१चं म्हणाल तर तेव्हाही मधला माणूस होताच. संयुक्त राष्ट्रांची सगळी मदत एका ठिकाणाहून यावी म्हणून सरचिटणीस ऊ थांट यांनी यूएनएचसीआरला समन्वयाचं काम दिलं. सद्रुद्दीन आगा खान तेव्हा उच्चायुक्त होते.

बुडालेलं_गावठाण:
मी वेगळ्या बाजूने बोलणार आहे आणि थोडं कडू बोलणार आहे. सावित्रीकाठताई, तुमच्या आजोबांच्या वेळी कायदा नव्हता. आमच्या वेळी होता. तळकोकणातल्या एका धरणाचे आम्ही. नाव लिहीत नाही, इथले पुष्कळजण ओळखतील. १९९९चा पुनर्वसन कायदा माझ्या काकांना तोंडपाठ होता. नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा द्यायच्या, त्याची यादी ते म्हणून दाखवायचे: शाळा, विहीर, रस्ता, स्मशान. आमच्या गावठाणात पहिल्या पावसात रस्ता वाहून गेला आणि पहिलं मयत झालं तेव्हा स्मशानाची जागा ताब्यात नव्हती. काकांनीच खांदा दिला होता. जुन्या गावच्या वाटेने गेले ते, अर्धी वाट पाण्यात.

आणि आम्हालाही एक मधला माणूस दिला होता. समन्वयक. चांगला होता, चहा घ्यायचा, नावाने हाक मारायचा. संकलन यादीत, म्हणजे प्रकल्पग्रस्तांच्या सरकारी यादीत, नावं सुटली म्हणून आम्ही उपोषणाला बसायचं ठरवलं की हा आदल्या रात्री यायचा. "साहेबांशी बोलणं झालंय, एवढा महिना थांबा." आम्ही थांबायचो. असे किती महिने थांबलो त्याचा हिशेब नाही. शेवटी नोकरीऐवजी एकरकमी पैसे घ्या म्हणाले, आणि दमलेल्या माणसांनी घेतले. तो माणूस खोटं बोलत होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याचं खरंच बोलणं होत असेल. पण त्याच्या बोलण्यामुळे आम्ही गप्प राहिलो, आणि सरकारला तेवढंच हवं होतं.

म्हणून विचारतो. तुम्ही बंद खोलीत बोलता तेव्हा बाहेरच्या माणसाला, ज्याच्यासाठी बोलता त्याला, आत काय झालं ते सांगता का? सगळं?

सावित्रीकाठ:
नाही. सगळं सांगत नाही.

तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला, दिवसभर डोक्यात होता, आता रात्री लिहिते आहे. कधी अधिकारी सांगतो, "हे बाहेर गेलं तर मला हात वर करावे लागतील," आणि मी ते गिळते, कारण त्याच्या हातात चार जणांची फाईल असते. एका कुटुंबाला तिसऱ्या देशाने घ्यायचं कबूल केलं होतं, पण भारतातून बाहेर पडायची परवानगी, एक्झिट परमिट, अडलं होतं. मी त्यांना दर आठवड्याला "होईल" म्हणत राहिले. मला माहीत होतं की फाईल परत मागे गेली आहे. अखेर झालं, पण त्या घरातली थोरली मुलगी विमानतळावर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. तुमच्या समन्वयकात आणि माझ्यात जेवढं अंतर मला वाटत होतं तेवढं नाही, हे मान्य करते.

पण म्हणून काम सोडून द्यावं का? तुमच्या काकांना १८ सुविधा पाठ होत्या, म्हणून निदान कशावर भांडायचं ते त्यांना माहीत होतं. आमच्या बाईकडे तेवढीही यादी नाही. समन्वयकाने "थांबा" म्हटलं आणि महिना उलटला, तर तुम्ही कलम दाखवून कोर्टात जाऊ शकत होतात. तिने काय दाखवायचं?

तळिये_नातेवाईक:
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. आधी आपली माणसं बघा. २२ जुलै २०२१ला तळियेवर दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. त्यात माझ्या आत्याचं घर. दोन वर्षांनी इरशाळवाडी. पावसाळा आला की दरडीखालच्या वाड्यांना स्थलांतराच्या नोटिसा येतात. जायचं कुठे ते नोटिशीत नसतं. परदेशी माणसासाठी दिल्लीत एवढी यंत्रणा, आणि आत्याच्या मुलांसाठी सरकारशी बोलायला कोण?

सावित्रीकाठ:
दादा, आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा राग बरोबर आहे, पण हे दोन प्रश्न एकमेकांच्या ताटातले नाहीत. जबरदस्तीने घर सुटलेल्या पण देशाबाहेर न गेलेल्या माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत युद्ध आहे, तशी आपत्ती आहे, मोठे प्रकल्पही आहेत. हलवण्याआधी माणसाला विचारा, कुठे नेताय ते सांगा, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तळियेसुद्धा त्यात येतं आणि गावठाणकरांचं धरणही. तीही बंधनकारक नाहीत. वाडीला येणाऱ्या नोटिशीत 'कुठे' हा शब्द नसतो, तो घालायला लावणं हे माझ्याच प्रकारचं काम आहे, आणि ते करणारा माणूस प्रत्येक जिल्ह्यात हवा, हे तुमचं म्हणणं मी माझ्या म्हणण्यात धरते.

माहेरवाशीण_अलिबाग:
नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं कब्रस्तान आहे. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आमच्या घरचं कुलदैवत मंगेश, ते १५६०च्या सुमारास कुशस्थळीहून नदीपार हलवलं, कारण पोर्तुगीजांच्या मुलखात देऊळ राहणार नव्हतं. पलीकडे राज्य आदिलशहाचं होतं. दर वर्षी तिथे ओटी भरताना मला हे आठवतं. श्रीवर्धनकर काकांना एवढंच सांगायचं होतं.

मिरकरवाडा_तांडेल:
मी रत्नागिरीत बोट चालवतो. कायद्यातलं कळत नाही, पण होडीचा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो. आजोबा मालवणचे. ते म्हणायचे, "दर्यात माणूस गावलो तर पयलो वर घेवचो, मगे इचारूचा खयचो तो." हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. प्रश्न धक्क्याला लागल्यावर सुरू होतो. माझ्या बोटीवर चार खलाशी नेपाळचे. नेपाळशी १९५०चा तह आहे, ते कायदेशीर आहेत, तरी १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला की त्यांचे कागद तपासून घेताना माझे दोन दिवस जातात. उद्या मी अनोळखी वीस माणसं घेऊन आलो तर माझी बोट किती दिवस अडकेल? डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार कोण देणार? हे लिहिलेलं नसेल तर एखादा तांडेल होडी दिसूनही दिशा बदलेल. मी नाही बदलणार. पण बदलणाऱ्याला मी शिव्याही देणार नाही.

सावित्रीकाठ:
तांडेलदादा, हे आमच्या बैठकांत कोणी बोलत नाही. व्हिएतनाममधून होड्यांनी माणसं निघाली होती तेव्हा हाच पेच होता. जहाजं त्यांना वाचवायची आणि सिंगापूर उतरू देण्याआधी हमी मागायचं, की तिसरा देश त्यांना ठरावीक मुदतीत घेऊन जाईल. शशी थरूर तेव्हा तिथल्या यूएनएचसीआर कार्यालयाचे प्रमुख होते. पुढे खासदार झाल्यावर त्यांनी आश्रयाच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. ते काही कायदा झालं नाही.

श्रीवर्धनकर_काका:
तांडेलाचा मुद्दा मला पटला. वाचवणाऱ्याची बोट अडकू नये एवढं तरी लिहून यायला हवं. त्याच्यापुढे मी अजून यायला तयार नाही. गावठाणकरांनी विचारलं त्याचं उत्तर ताईंनी खरं दिलं, ते आवडलं.

मिरकरवाडा_तांडेल:
केबिनच्या दारावर आम्ही दोन नंबर रंगवलेत, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. आणखी कोणाचा लिहायचा असेल तर सांगा, रंग उरलाय.

सावित्रीकाठ:
त्यांच्याखाली जिल्ह्याच्या एसपी कार्यालयाचा लिहा. परदेशी नागरिकांची नोंद जिल्ह्यात तेच करतात, त्यामुळे निर्वासित असल्याचं म्हणणं पहिल्यांदा त्यांच्यासमोरच यायला हवं. फोन करताना माणसं किती, बायका किती, मुलं किती आणि ती परत जायला घाबरताहेत का, हे चारही सांगा आणि वेळ लिहून ठेवा. २०११ची कार्यपद्धती मराठीत करून इथे टाकते. रविवारपर्यंत.

बुडालेलं_गावठाण:
टाका. आमच्या वाडीतल्या पोरांना मी ती वाचून दाखवेन. आणि त्या थोरल्या मुलीला एक पत्र लिहा.