शालिवाहनाची मातीची फौज खरी का खोटी? ग्रुपवर भांडणं लागलेत

गोदाकाठचा: पाडव्याला पोरानं विचारलं, पप्पा गुढी कशामुळं उभारतात. मी लहानपणी ऐकलेलं सांगितलं, आपल्या पैठणात कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनानं मातीचे सैनिक केले, पाणी शिंपडून जिवंत केले आन शकांना हाणलं. तेच दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं तर एक म्हणतो तो आमच्या जातीचा, दुसरा म्हणतो आमच्या, हैदराबादला जॉबला असलेला म्हणाला सातवाहन (शालिवाहन ज्या घराण्यातला मानतात ते) मुळात आंध्रचे, तुमचा संबंधच काय. आता पोरगं विचारायलंय नेमकं खरं काय. जाणकारांनी सांगा, फॉरवर्ड नको.

नाणेवेडा: दादा, लढाई खरी. १९०६ ला नाशिककडं जोगळटेंभीला १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी क्षहरात या शक घराण्यातल्या राजा नहपानाची, त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलाय. नहपानाच्या तोंडावरच डोंगराचं चिन्ह हाणलेलं दिसतं, यापेक्षा काय पुरावा पाहिजे. पण 'शालिवाहन शक' हे नाव लई नंतरचं. सातवाहन स्वतः राज्याचं कितवं वर्ष तेवढंच लिहायचे, ही कालगणना वापरायचे क्षत्रप, म्हणजे शकच. ज्यांना हरवलं म्हणून गुढी, वर्ष त्यांच्याच नावचं 😀 आन १९५७ ला सरकारनं तेच राष्ट्रीय कॅलेंडर केलं.

खडकाळ: शिलालेख म्हणजे खरंच असं पण धरू नका. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची एवढी स्तुती आहे ती त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातवाच्या राज्यात कोरून घेतलेली. गेलेल्या लेकाबद्दल आई कमी कशाला लिहील? तिकडं गुजरातेत जुनागडला क्षत्रप राजा रुद्रदामन लिहितो की मी सातकर्णीला दोनदा हरवलं, जवळचा नातेवाईक म्हणून सोडलं. दोघंही आपापल्या गावचे पाटील. जातीचं म्हणाल तर नाशिकच्या लेखातल्या 'एकबम्हण' (कुणी 'एकमेव ब्राह्मण' असं लावतं) या एका शब्दावरून आजपर्यंत मारामाऱ्या सुरूयत, ज्याला जो अर्थ पाहिजे तो काढतो. आंध्र हे नाव पुराणांतलं, राजे स्वतःच्या लेखात स्वतःला आंध्र म्हणत नाहीत. त्यांचे जुने लेख नाणेघाट-नाशिकला, पण सुरुवातीची नाणी तेलंगणात कोटिलिंगालला पण सापडलीत, म्हणून तुमच्या हैदराबादवाल्याला एकदम येड्यात काढू नका. दोन हजार वर्षांपूर्वी ना महाराष्ट्र होता ना आंध्र, ही बॉर्डर १९५६ नंतरची.

पांढरीची_माती: मी धाराशिवकडच्या तेर साईडचा. आमच्याकडं माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी जुन्या टेकाडाची पांढरी माती आणून टाकायचे. एकदा मोठा पाऊस झाला आन पन्हाळीतून मातीसंगं बोटाएवढा भाजका घोडा खाली आला, मागचा पाय तुटलेला, पाठीवर बोटाचा ठसा. माझी आजी म्हणाली, शालिवाहनाच्या फौजेतला आहे, देव्हाऱ्यात ठेव. मला वाटतं (फक्त माझा अंदाज, भांडू नका) पैठणला पण लोकांना टेकाडात अशीच मातीची माणसं-घोडी सापडत आली असतील, त्यातूनच गोष्ट जमली. कुंभाराची गोष्ट कुंभारानंच केलेल्या मालावरून. हे ग्रुपवाले मात्र राजाची जात काढू लालेत, घोडा कुणी केला ते कुणी विचारना.

मुरूम: ग्रुप म्यूट करा राव.

गोदाकाठचा: सगळ्यांचे आभार. म्यूट केलाच. @पांढरीची_माती भाऊ, घोडा अजून आहे का? असला तर फोटो टाका की, पोरगं सकाळपासून मागं लागलंय.