जिल्हा परिषद शाळेतील दिव्यांग मुले खरोखर शिकावीत, यासाठी ठरावात काय मागावे?

प्रश्न : सहशिक्षिका, द्विशिक्षकी शाळा

नमस्कार. माझ्या शाळेत पहिली ते चौथीची ३१ मुले आहेत. त्यांपैकी तिघांची यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदप्रणालीत, विशेष गरजा असलेली मुले म्हणून नोंद आहे. चौथीतली एक मुलगी कर्णबधिर आहे, तिसरीतल्या एका मुलाला बौद्धिक अक्षमता आहे आणि दुसरीतल्या एकाची दृष्टी अधू आहे. तिघांचीही यूडीआयडी कार्डे (दिव्यांगत्वाची सरकारी ओळखपत्रे) तयार आहेत, मुलीला दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता मंजूर आहे आणि मूल्यमापन शिबिरातून श्रवणयंत्रही मिळाले आहे. तरीही ही मुलगी अजून साधे दोन अक्षरी शब्द ओळखत नाही. शाळा तपासणीला येणारे अधिकारी कार्ड आणि साहित्य यांची चौकशी करतात. ती काय शिकली, हे आजवर मला कोणीही विचारलेले नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत ठराव करून तो जिल्ह्यापर्यंत पाठवावा, असे आम्ही ठरवले आहे. आणखी साहित्य मागावे, की मागणीच वेगळी असावी? या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : विशेष शिक्षक, गटसाधन केंद्र

मॅडम, सर्वप्रथम ते श्रवणयंत्र मुलीच्या कानात रोज असते का, ते पाहा. मी ज्या घरांना भेटी देतो, त्यांतील कित्येक ठिकाणी यंत्र डब्यात जपून ठेवलेले आढळते, कारण त्याची बॅटरी संपलेली असते आणि ती तालुक्याच्या गावी मिळत नाही. दुसरे कारण त्याहून साधे आहे. मूल वाढते तसा कानही वाढतो. कानात बसणारा साचा, म्हणजे इअर मोल्ड, सैल होतो आणि यंत्र शिट्टीसारखा आवाज करू लागते. मग मूलच ते काढून टाकते. शिबिरात यंत्र दिल्याची नोंद होते, पण साचा बदलून देण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. ठरावात नवे साहित्य मागण्याऐवजी बॅटरी, साचा आणि दुरुस्ती यांची नियमित सोय मागावी, असे मला मनापासून वाटते.

आता शिकवण्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला आणि त्यानुसार केंद्र शासनाने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजांच्या मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे ठरवले. राज्य शासनाने २०२४ मध्ये शाळांच्या समूहामागे, म्हणजे केंद्रामागे, एक याप्रमाणे ४,८६० पदांना मान्यता दिली. हे पाऊल महत्त्वाचे आहे. परंतु एका केंद्रात अनेक शाळा असल्याने विशेष शिक्षक तुमच्या वर्गात रोज येऊ शकणार नाही. म्हणून तो आला की मुलाला व्हरांड्यात वेगळे बसवून तासभर शिकवावे आणि निघून जावे, ही पद्धत उपयोगाची नाही. तो तास तुमच्याबरोबर जायला हवा. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे त्या एका मुलासाठीची लेखी उद्दिष्टे, दोघांनी मिळून लिहावा आणि तो तुमच्या टाचणवहीत (पाठाची पूर्वतयारी लिहिण्याच्या वहीत) राहावा. ‘वाचनात सुधारणा करणे’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गातील २० वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून त्या त्या वस्तूवर ठेवील’ हे तपासता येते, आणि साध्य झाले नाही तर पद्धत बदलायची, हेही त्याच दिवशी कळते.

उत्तर २ : निवृत्त केंद्रप्रमुख

मी स्वतः आढावा बैठकांचे तक्ते भरले आहेत आणि त्यांत शिबिरांची संख्या, कार्डांची संख्या, लाभार्थी संख्या एवढेच रकाने होते. मुलाची प्रगती हा रकानाच नसल्यामुळे त्यावर चर्चा होत नसे, आणि त्या वेळी मी तो आग्रहाने मागितला नाही, याची खंत आजही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळेतील प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य स्पष्टपणे सांगितले आहे. ठरावात या कलमाचा उल्लेख करून, दर तिमाहीला किती आराखड्यांतील उद्दिष्टे तपासली गेली आणि किती साध्य झाली, हे तालुका व जिल्हा स्तरावर मागवावे, अशी मागणी करा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा आराखडा त्यांच्याबरोबर गेला पाहिजे, हेही त्यात असावे. नाहीतर परत आल्यावर प्रारंभ पुन्हा शून्यापासून होतो.

उत्तर ३ : एक पालक, टेक्सास (अमेरिका)

माझा मुलगा येथील सरकारी शाळेत विशेष शिक्षण घेतो. येथे वर्षातून किमान एकदा पालक, वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक एकत्र बसून आराखडा ठरवतात व पालकांना त्याच्या प्रगतीचा अहवाल ठरावीक काळाने मिळतो. माझ्या मते यात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पालकाची खुर्ची. तुमच्या विद्यार्थिनीची आई घरी कोणत्या खुणांनी तिच्याशी बोलते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसणार.

मात्र उत्तर २ मध्ये मागितलेल्या आकड्यांबाबत एक सावधगिरी सुचवतो. टेक्सासमध्ये २००४ पासून राज्याच्या शिक्षण विभागाने जिल्ह्यांच्या कामगिरीच्या तपासणीत विशेष शिक्षणातील मुलांचे प्रमाण ८.५ टक्के असावे, असा निकष ठेवला होता. जिल्ह्यांनी तो मर्यादा म्हणून पाळला आणि हक्क असलेल्या असंख्य मुलांना मदत नाकारली गेली. २०१६ मध्ये एका वृत्तपत्राने हे उघड केले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाने त्याला कायद्याचा भंग ठरवले. ‘किती उद्दिष्टे साध्य झाली’ या आकड्यावर शाळेचा क्रमांक ठरू लागला, तर शिक्षक सोपी उद्दिष्टे लिहू लागतील.

प्रश्नकर्त्या सहशिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मुलीच्या आईला शाळेत बोलावून विचारले. बॅटरी श्रावणातच संपली होती आणि यंत्र कपाटात आहे. ठरावाच्या मसुद्यात बॅटरी व साचा यांची सोय पहिल्या क्रमांकावर घेतली आहे. आराखड्यांची तिमाही तपासणी मागितली आहे, पण शाळांची क्रमवारी लावू नये, हे त्यातच नमूद केले आहे. आराखडा लिहिताना पालक उपस्थित असावेत आणि बैठक त्यांची मजुरी बुडणार नाही अशा वेळी घ्यावी, हे समितीतील एका आईने सुचवले. विशेष शिक्षक सर, इअर मोल्डचे माप जिल्हा रुग्णालयात घेतात की त्यासाठी शिबिराचीच वाट पाहावी लागेल, तेवढे कळवावे. सोमवारी मी स्वतः तिला घेऊन जाण्यास तयार आहे.