हार्ट फेल्युअरमध्ये एएफ निघालं तर वर्षाचा खर्च कसा मांडायचा?

रुग्णसहाय्य_कक्ष:
हार्ट फेल्युअरच्या (हृदय गरजेपुरतं रक्त पुरवू न शकणं) रुग्णांच्या घरच्यांना आम्ही वर्षाच्या खर्चाचा तक्ता करून देतो. त्यात एट्रिअल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित आणि बरेचदा जलद पडणं) निघालं की तक्ता कोलमडतो. गोळ्यांचा आकडा कळतो, बाकी काय धरायचं?

हृदय_ओपीडी:
गोळ्या नंतर. आधी पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचा खर्च धरा, खरा पैसा तिथेच जातो. ठोके १२०-१३० वर राहिले की दमलेलं हृदय आणखी ढेपाळतं, फुप्फुसांत पाणी साचतं, मग आयसीयू. तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. वजनकाटा तक्त्यात पहिल्या ओळीत घाला.

एएफमध्ये गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत असिनोकुमारॉल स्वस्त. पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये बसेपर्यंत आठवड्याला तपासणी, नंतर महिन्याला. एसटीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी जोडलीत, तर आयएनआर न लागणारी पातळ करणारी गोळी, जेनेरिक अपिक्सॅबान, बरेचदा परवडतं. मात्र हृदयातली मायट्रल झडप बरीच आकुंचन पावलेली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल, तर असिनोकुमारॉल किंवा वॉर्फरिनच.

औषधांचं_दुकान:
अपिक्सॅबान ५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. काटकसर म्हणून एकदाच घेणारे खूप आहेत. उरलेल्या वेळात गुठळीचा धोका तसाच राहतो आणि पक्षाघाताचा खर्च सगळ्यांवर कडी करतो. २.५ चा डोस वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असतील तरच.

अमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारी गोळी) चालू असेल तर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या धरा. त्याने आयएनआर चढतो, डिगॉक्सिनचा (ठोके हळू करणारी गोळी) डोसही डॉक्टर साधारण निम्मा करतात. आणि गुडघ्यासाठी परस्पर घेतलेलं वेदनाशामक डायक्लोफिनॅक बंद! अंगात पाणी साठतं, रक्तस्राव होतो.

रुग्णसहाय्य_कक्ष:
महात्मा फुले योजनेतून किती सुटतं? आणि अ‍ॅब्लेशन (नळी घालून हृदयातल्या ठोके बिघडवणाऱ्या जागा निकामी करणं)?

योजना_माहितगार:
योजना अ‍ॅडमिशनपुरती, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रोजच्या गोळ्या आणि ओपीडीतला आयएनआर खिशातूनच. प्रोसीजर पॅकेजच्या यादीत आहे का, हे तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) विचारा.

हृदय_ओपीडी:
२०१८ च्या कॅसल-एएफ चाचणीत ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३५ टक्के किंवा कमी असलेल्यांत अ‍ॅब्लेशनने मृत्यू आणि अ‍ॅडमिशन दोन्ही घटले. पण काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, तेही धरा. नंतर पातळ करणारी गोळी किमान दोन महिने, आणि हार्ट फेल्युअरच्या बहुतेकांना पुढेही चालूच. ती ओळ तक्त्यातून खोडू नका.