आवाजी निरोप आपोआप लिहून मिळतो, पण माप आणि वेळ त्याच्यावर सोडायची का?

उद्यमबागवाला
फोन उचलला नाही की समोरच्याचा निरोप रेकॉर्ड होतो आणि लिहून पडद्यावर येतो, अशी सोय असलेलं एक अॅप आम्ही मशीन शॉपमध्ये वापरून बघितलं. लेथ सुरू असताना कानाला फोन लावून उपयोग नसतो, वाचायला मिळालं तर बरं, एवढाच हेतू. मराठी चालतं, कन्नड चालतं. पण एका वेळी एकच. आता बेळगावात एका वाक्यात एकच भाषा कोण बोलतो?

फाउंड्रीतून निरोप आला, "कास्टिंग तयार हाईत, नाळे कळस्तेनि." म्हणजे उद्या पाठवतो. पडद्यावर उमटलं, "कास्टिंग तयार आहेत नळ कळस तीन." वाक्य बिघडलं ते कळतं तरी. पण कुणी न उच्चारलेला "तीन" त्यात आला, त्याचं काय? दुसऱ्या निरोपात "दोन इंच तीन सूत"चं "दोन इंच तीन सूट" झालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे जुन्या कारागिराला सांगावं लागत नाही. पण आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या पोराने काय समजायचं? "पावणेसातला गाडी"चं तर "पाहुणे सातला गाडी".

माझं म्हणणं: कुणाचा निरोप आधी ऐकायचा एवढं ठरवायला हे ठीक. माप, रक्कम, वेळ मात्र कानाने ऐकल्याशिवाय धरू नये.

निपाणीकर
दोष सगळा यंत्रावर कशाला? निरोप ठेवताना स्वच्छ, सावकाश, एका भाषेत बोलावं. गूगलच्या आवाजी टायपिंगमध्ये मराठी आणि कन्नड आल्या त्याच मुळी ऑगस्ट 2017 मध्ये. तेवढ्या काळात यंत्र इथवर आलं हे थोडं नाही. मी रोज मराठीत बोलून टाइप करतो, क्वचितच दुरुस्ती लागते.

उद्यमबागवाला
दादा, बोलून टाइप करताना तुम्ही यंत्राशी बोलता, पडद्याकडे बघत. निरोप ठेवणारा माणूस माझ्याशी बोलत असतो. त्याची आई मराठी, बाजार कन्नड. त्याने माझ्या फोनसाठी जीभ का बदलावी?

वडगावची सून
शिवाय फोनच्या लाइनचाही भाग आहे. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पुढे जातो. "स", "श", "फ" यांचा बराचसा आवाज त्याच्या वर असतो, तो गळून पडतो. माणूस संदर्भाने भरून काढतो. यंत्रही भरून काढतं, पण त्याने जे ऐकलंय त्यातून. ओपनएआयचं व्हिस्पर, म्हणजे बोलणं लिहून देणारं मॉडेल, 2022 मध्ये आलं तेव्हा ते 6,80,000 तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेलं होतं. त्यात इंग्रजी सोडून 96 भाषांच्या वाट्याला मिळून 1,17,000 तास. त्यात मराठी किती आणि आपली सीमाभागातली मराठी किती, विचार करा.

खानापूरकर
मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. "कानाने ऐकून खात्री करा" हा सल्ला मी कसा पाळू? इतकी वर्षं निरोप आला की तो कुणाकडून तरी ऐकवून घ्यावा लागायचा. घरातली भांडणं, दवाखान्यातली माहिती, सगळं तिसऱ्याच्या तोंडून. आता चुकीचं का होईना, मी स्वतः वाचतो. जांबोटीकडून भाऊ बोलतो तेव्हा रेंज इतकी खराब की ऐकू येणाऱ्यालाही निम्मंच कळतं. त्याचं "भात लावून झालं" मला बरोबर वाचायला मिळालं. तुम्ही ही सोय फक्त कुणाचा निरोप आधी ऐकायचा हे ठरवण्यापुरती ठेवा म्हणता, ते मला मान्य नाही.

उद्यमबागवाला
तुमची अडचण खरी आहे, आणि तुमच्यासाठी ही सोय असलीच पाहिजे. पण मग चूक तुम्हालाच जास्त महागात पडणार ना? माझा मुख्य राग तोच आहे. यंत्राला ज्या शब्दाची खात्री नाही तोही ते खात्रीच्या शब्दासारखाच ठळक छापतं. अंदाजाने लिहिलेला शब्द फिका दाखवा, आकड्याखाली रेघ मारा, त्यावर बोट ठेवलं की तेवढाच तुकडा वाजू द्या. आणि एका निरोपाला दोन भाषा निवडता येऊ देत.

निपाणीकर
हे होईल, पण आवाज दिल्याशिवाय नाही. यंत्राला शिकवायला लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आहे, सरकारच्या भाषिणी या भाषांच्या उपक्रमातही त्यासाठी भाषादान आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या लोकांनी तिथे आपली वाक्यं वाचून दिली तर फरक पडेल.

वडगावची सून
तिथे बहुतेक करून लिहिलेली वाक्यं वाचायची असतात हो. "नाळे कळस्तेनि" मराठीच्या यादीत कोण घालणार? आणि दुकानातले खरे निरोप द्यायचे तर बोलणाऱ्याला आधी विचारायला नको?

खानापूरकर
तोवर मी काय करतो सांगतो. आकडा दिसला की उलट मेसेज टाकतो: "पावणेसात, बरोबर?" समोरचा हो म्हणतो, काम होतं.

उद्यमबागवाला
भावाला विचारता येतं. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उलट विचारत बसलो तर लेथ कोण चालवणार?