छापा आधी की शाळा आधी? गोव्यातल्या बालमजुरीवर चर्चा

सुरंगी:

बालमजुरीचं कारण विचारलं की ‘गरिबी’ हे उत्तर तयारच असतं. गोव्यापुरतं पाहिलं तर ते उत्तर अपुरं आहे असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

पाऊस सरला की बेळगाव, बागलकोट, गदग, कोप्पळकडची आणि ओडिशा-झारखंडची कुटुंबं इथे बांधकामावर येतात. तोवर शाळा सुरू होऊन काही महिने उलटलेले असतात. मुलाचं नाव गावच्या पटावर आणि मूल पर्वरीतल्या नाहीतर दाबोळीतल्या साइटवर. आईबाप दोघंही कामाला. मग दहा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते, पत्र्याच्या खोलीत भात शिजवते. बारा वर्षांचा मुलगा आधी भिंतींवर पाणी मारतो, मग वाळू चाळतो, महिन्याभरात घमेलं उचलतो. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. दिवसभर तो तिथेच असतो आणि त्याला जायला दुसरी जागा नसते.

ती जागा द्यायची सोय कायद्यात आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. कलम ४ सांगतं की मूल वयाप्रमाणे वर्गात बसवा आणि मागे राहिलेल्यासाठी वेगळी शिकवणी द्या. कलम ५ म्हणतं, जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवू नका. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो. अडतं ते पुढे. विद्यार्थ्याची नोंद आता यूडायस या सरकारच्या शाळा-नोंदणी पोर्टलवर ऑनलाइन असते. गावच्या शाळेने तिथून नाव सोडलं नाही तर इथल्या शाळेला ते ओढून घेता येत नाही, आणि तोपर्यंत मुख्याध्यापक ‘नंतर या’ म्हणतात. दुसरी अडचण भाषेची. कन्नडमध्ये तिसरीपर्यंत शिकलेलं मूल मराठी किंवा कोकणी वर्गात बसवलं आणि सोबत कन्नड जाणणारं कोणीच नसलं, तर ते फार दिवस टिकत नाही.

माझ्या मते पंचायतीने बांधकाम परवान्याला एक अट जोडावी: काम सुरू झाल्यापासून पंधरा दिवसांत कंत्राटदाराने साइटवरच्या ३ ते १४ वयाच्या मुलांची यादी जवळच्या सरकारी शाळेला आणि अंगणवाडीला द्यायची. प्रवेश आधी, नोंदीची दुरुस्ती मागाहून. ती भागशिक्षणाधिकाऱ्यांनी दुसऱ्या राज्याशी पत्रव्यवहार करून घ्यावी, आईबापाला धावायला लावू नये. आणि पाळणाघर हवंच. पन्नासहून जास्त स्त्री कामगार असलेल्या साइटवर पाळणाघर असावं हे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच सांगितलं होतं, पण लहान साइट त्या आकड्याखाली सुटत राहिल्या. शेजारच्या पाच साइट मिळून एक पाळणाघर केलं तर मोठी बहीण मोकळी होते. ती मोकळी झाल्याशिवाय शाळेत येणारच नाही.

तिसवाडीकर:

सुरंगीताई, प्रवेशाबद्दलचं तुमचं सगळं मान्य. पण हे साइटवरच्या मुलांना लागू पडतं. हॉटेलच्या मागे भांडी घासणारा, मच्छीच्या जेटीवर बर्फ फोडणारा, बंगल्यात घरकाम करणारी मुलगी, ही मुलं आईबापाबरोबर आलेली नसतात. कुणीतरी आणलेली असतात. त्यांच्या दारात शाळा नेऊन ठेवली तरी मालक सोडत नाही. मोठ्या माणसाच्या अर्ध्या पैशांत राबणारं, उलट न बोलणारं मूल त्याला परवडतं म्हणून तो ठेवतो. ते परवडेनासं झालं पाहिजे.

कायदा दुबळा नाही. १९८६ च्या बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यामुळे १४ खालचं मूल कुठल्याही कामावर ठेवणं गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे. पोलीस याच एका कायद्याखाली नोंद करतात आणि प्रकरण दंडावर मिटतं, हे दुखणं आहे. मजुरी अडवून ठेवली असेल किंवा मूल डांबून राबवलं असेल तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७९ लागतं: पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड, आणि तेही १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन आणलेलं असेल तर १९७६ चा वेठबिगारी कायदा लागतो. त्याखाली उपजिल्हाधिकाऱ्यांनी मुक्ततेचा दाखला दिला की पुनर्वसन योजनेत मुलासाठी दोन लाखांची तरतूद आहे. हा दाखला मागितलाच जात नाही.

छापा कुठे फसतो तेही सांगतो. सकाळी अकराला पथक गेलं तर मुलं मागच्या दाराने बाहेर. जेटीवर पहाटे, हॉटेलात रात्री जेवणाच्या गर्दीत जायला हवं. वयासाठी आधार कार्ड दाखवतात आणि पथक ते मानतं. आधारवरची जन्मतारीख पुष्कळदा नुसती सांगितलेली असते, १ जानेवारी. बाल न्याय कायद्याने आधी शाळेचा दाखला, मग पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गावच्या शाळेतून रजिस्टरच्या पानाचा फोटो त्याच दिवशी मागवता येतो. आणि मजुरीची वही, फोनवरचे पैशांचे व्यवहार तिथल्या तिथे जप्त केले नाहीत तर दुसऱ्या दिवशी मालक म्हणतो, ‘तो माझा भाचा, सुट्टीत आलाय.’

कुळागर:

‘भाचा’ या शब्दावर सगळ्यांना गुन्हेगार ठरवू नका. गोव्यात मुलं घरच्या कामात हात लावत आली आहेत. मार्च ते मे काजूचा हंगाम. सकाळी बागेत जाऊन पडलेले बोंडू गोळा करणं, बी पिळून वेगळी करणं, आजीच्या गाड्यावर तास-दोन तास बसणं, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढताना दोरीला हात लावणं, याला मजुरी म्हणणार असाल तर पुढच्या पिढीला आपल्या धंद्याची ओळख राहणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात मदतीची सूट ठेवली ती विचार करून ठेवली आहे. ती काढून टाकली तर इन्स्पेक्टरचा पहिला बळी बागायतदार आणि गाडेवाला होईल. बड्या हॉटेलवाल्याला हात लागणार नाही.

तिसवाडीकर:

कुळागर बाब, सूट राहू दे. पण ती वाचा तरी. मदत शाळेच्या वेळेबाहेर किंवा सुट्टीतच. २०१७ च्या नियमांप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ८ बंद, आणि दिवसाला तीन तासांहून जास्त नाही. आणि काजूचंच बोलायचं तर बोंडू गोळा करणं वेगळं, बी फोडणं वेगळं. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी भाजते, सोलून निघते. काजू सोलण्याचं काम मुलांसाठी धोकादायक कामांच्या यादीत आहे, घरच्या कारखान्यात झालं तरी सूट नाही.

खरी फट व्याख्येत आहे. ‘कुटुंब’ म्हणजे आई, बाप, भाऊ, बहीण आणि वर काका, आत्या, मामा, मावशी. चार राज्यं ओलांडून आणलेल्या मुलाचा हॉटेलवाला मामा झाला की काम संपलं. असलं खोटं नातं उघडं पाडायला एकच हत्यार हाताशी आहे: शाळेची हजेरी. मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला (या कायद्यासाठी जिल्ह्यात नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवायचं, असं नियमच म्हणतो. मूल घरच्या धंद्यात मदत करतंय असं सांगणाऱ्याने मागच्या महिन्याची हजेरी दाखवावी. बागायतदाराला ती दाखवायला पाच मिनिटं लागतील. खोट्या मामाला कधीच दाखवता येणार नाही.

मांडवीकाठ:

दोघांचं भांडण १४ वर्षांपर्यंतच्या मुलांवर चाललंय. शिक्षण हक्क १४ ला संपतो आणि नेमकी तिथून मुलं गळतात. १४ ते १८ मधल्यांना खाण, स्फोटक-ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया सोडून काम करता येतं. बांधाजवळची चिरेखाणही खाणच, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बाकी कामांनाही अटी आहेत: तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती, ती धरून दिवसाला सहाच तास, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला सुट्टी, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. आता कळंगुट-बागाचे शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खाद्यगृहं, डोळ्यांसमोर आणा. तिथली गर्दी सातनंतरच. म्हणजे रात्री ट्रे घेऊन फिरणारा सोळा वर्षांचा प्रत्येक मुलगा कायद्याबाहेर आहे. मालकाने अशा मुलांचं रजिस्टर ठेवायचं असतं, त्यात जन्मतारीख आणि कामाचे तास. शॅकची वाटणी पर्यटन खातं करतं. पुढच्या वाटपाच्या अर्जात हे रजिस्टर मागावं, कोऱ्या पानासकट.

सरसकट अठरापर्यंत बंदी मात्र मला नको. घरात एकच कमावतं माणूस असेल तर सोळाचा मुलगा काम शोधणारच, आणि बंदी आली तर लपूनछपून शोधेल. त्याला दिवसाचं, कमी तासांचं काम आणि सोबत शिक्षण द्या. मुक्त विद्यालयाची दहावी चौदाव्या वर्षानंतर देता येते. आयटीआयचे काही ट्रेड आठवीवरही मिळतात.

सुरंगी:

मांडवीकाठ, रजिस्टरचा मुद्दा उत्तम.

तिसवाडीकर, छाप्यानंतरचं कोण बघतं? मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे जातं, निवारागृहात राहतं, मग गावी पाठवतात. दंडाची रक्कम आणि सरकारचे १५,००० पुनर्वसन निधीत जमा होऊन त्याच्या नावावर राहायला हवेत. पण बँक खातंच नसतं आणि मूल दुसऱ्या राज्यात गेलेलं. खातं निवारागृहात असतानाच उघडा, गावच्या समितीला लेखी कळवा, जबाब दंडाधिकाऱ्यांपुढे तिथेच नोंदवून घ्या. नाहीतर साक्षीदार गावी आणि खटला इथे, खटला पडतो. आणि उचल तशीच डोक्यावर असेल तर पुढच्या हंगामात तेच मूल दुसऱ्या मुकादमाबरोबर परत येतं.

तिसवाडीकर:

उचलीवर तुम्ही बोट ठेवलंत, पण प्रवेशाच्या यादीने उचल फिटत नाही. जिथे नगावर किंवा ब्रासवर (वाळू-खडीच्या मापावर) पैसे मिळतात तिथे मुलाचे दोन हात म्हणजे जास्त नग. नवरा-बायकोची जोडी धरून एकाच नावावर मजुरी दिली की बाईचा हिशेबच राहत नाही. तिथे शाळा नाही, मजूर खातं लागतं: रोजंदारी किमान वेतनाप्रमाणे, बाईची मजुरी तिच्या खात्यात, उचलीची कापणी लेखी. मोठ्यांच्या मजुरीत भागलं तर मुलाला शाळेत पाठवणं आईबापाला जड जात नाही. या बाबतीत आपलं एकमत होईल असं वाटतं. कंत्राटदारावर गुन्हा आधी की नंतर, यावर मात्र नाही.

कुळागर:

गुन्हा आधी असेल तर तक्रार तरी नीट जाऊ दे, म्हणजे निष्पाप घरावर पथक जाणार नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करताना ‘तिथे मुलं काम करतात’ एवढं पुरत नाही. वाडा आणि जवळची खूण, मुलं किती, अंदाजे वय, नेमकं काम, कोणत्या वेळी दिसतात, रात्री तिथेच झोपतात का, आणि साइट असेल तर फलकावरचं कंत्राटदाराचं नाव सांगा. मुलांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. त्याने मूल ओळखलं जातं आणि मालकही सावध होतो.